खिडकीतला ताज

आग्र्याला एकदाच उंची हॉटेलात राहायचं ठरवलं, तेही सासूबाईंसाठी. गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही आणि पेट्रोलच्या गाड्या ताजच्या दाराशी जात नाहीत. ‘खोलीतून ताज दिसतो’ एवढ्यावर भाळून मी पैसे भरले. दिसला, पण शेजारच्या गच्चीवरल्या टाक्यांआडून, घुमटापुरता! त्यातून शुक्रवार, म्हणजे ताज बंद. कितव्या मजल्यावरून, किती दिसतो, हे विचारायला नको होतं का मी? ओबेरॉय अमरविलासमध्ये म्हणे सगळ्याच खोल्यांतून दिसतो. पण तिथले दर ऐकूनच ‘हे’ खाली बसले!

संध्याकाळी यमुनेपलीकडच्या मेहताब बागेत गेलो. सासूबाई हळूहळू काठापर्यंत आल्या. समोर अख्खा ताज. बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, इथे टाक्या नाहीत!”