मेळघाटातील समुद्र

नागपूरच्या महाल भागात एका जुन्या घराच्या माडीवर एक तरुण संकेतस्थळे घडवितो. तो कोणाच्या चाकरीत नाही. पूर्वी पाट्या रंगविणारा चितारी येईल त्या गिऱ्हाइकाची पाटी रंगवी, तसाच हाही. फरक इतकाच की, याची पाटी संगणकाच्या पडद्यावर दिसते आणि ती कोठूनही वाचता येते. गेल्या वर्षी त्याने काटोलच्या एका संत्रा-बागाइतदाराचे संकेतस्थळ केले, इतवारीतील लुगड्यांच्या एका दुकानाचे केले. दुकानदाराच्या मोबाइलवर लुगड्याची किंमत चित्राखाली दडून बसली, ती बाहेर काढण्यात दोन दिवस गेले. अशा कामांनी पोट भरते; त्यांविषयी फारसे सांगण्यासारखे नसते.

त्याचा खरा वैरी म्हणजे नागपूरचा उन्हाळा. वैशाखात पारा कधी कधी ४५ अंशांपलीकडे जातो. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. त्याला थंड ठेवण्यासाठी एक लहानसा पंखा खोलीतील हवा आत ओढीत असतो. पण हवाच तापलेली असेल, तर त्या बिचाऱ्याने काय करावे? त्यात धुळीचा थर! मग यंत्र आधी मंदावते आणि शेवटी, जळून जाऊ नये म्हणून, आपण होऊन बंद पडते. जतन न केलेले काम त्याबरोबर जाते. म्हणून उन्हाळ्यात हा तरुण पहाटे चारला कामास बसतो आणि मऊ कुंचल्याने पंख्याची धूळ झाडतो.

अशाच एका मे महिन्यात एक वृद्ध बाई त्याच्याकडे आल्या. त्यांचे यजमान मेळघाटात शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या आठवणी संगणकावर टंकलिखित करवून घेतल्या होत्या. कागदावरची प्रत पुढे वाळवीने खाल्ली, आणि मास्तरही गेले. उरली होती एक सीडी. ती उघडताच पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे आणि स्वल्पविराम यांची नुसती खिचडी उमटली. बाई काही बोलल्या नाहीत. पदराने चष्मा पुसून त्या पुन्हा पाहू लागल्या.

दोष सीडीचा नव्हता. संगणकाला अक्षरे ठाऊक नसतात, केवळ क्रमांक ठाऊक असतात. जुने मराठी फॉन्ट करणारे रोमन अक्षराच्या क्रमांकावर देवनागरी अक्षराचे चित्र बसवीत. प्रत्येकाची मांडणी निराळी. तो फॉन्ट हरवला की चित्र जाई आणि मागे रोमन अक्षर उरे. १९९१ साली युनिकोड ही क्रमांकपद्धती प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक मिळाले. पुढे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर संगणकांवर आला. मास्तरांचे लेखन मात्र जुन्या रीतीचे होते.

तरुणाने जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता मांडला व अक्षरे बदलणारी लहानशी आज्ञावली लिहिली. काम वाटले तितके सोपे नव्हते. ‘किरण’ शब्दातील वेलांटी जुन्या पद्धतीत ‘क’च्या आधी येई, कारण डोळ्यांना ती आधी दिसते, युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे ‘क’च्या नंतर येते. रफाराचे याच्या उलट! ‘पूर्व’मधील रफार दिसतो ‘व’च्या डोक्यावर, पण उच्चारला जातो ‘व’च्या आधी. एकेक नियम घालता घालता तीन पहाटा गेल्या. चौथ्या दिवशी पडद्यावर मराठी उमटली.

बाई वाचू लागल्या. एका ओळीशी थांबून त्यांनी विचारले, “अरे बाळा, मेळघाटात समुद्र कोठून आणलास?”

मास्तरांना म्हणायचे होते, ‘वाटेत खोल दऱ्या लागत.’ पडद्यावर होते, ‘वाटेत खोल दर्या लागत.’ त्या जुन्या फॉन्टमध्ये ‘दऱ्या’तला आडवा र नव्हताच, टंकलेखकाने सर्वत्र रफार देऊन वेळ निभावली होती. कोणता रफार खरा आणि कोणता उसना, हे आज्ञावलीला कसे कळावे? ते डोळ्यांनीच पाहणे भाग होते. पाने दोनशेच्या वर होती.

दुसऱ्या दिवसापासून ऊन चढण्यापूर्वी बाई माडीवर येऊन बसू लागल्या. त्या मोठ्याने वाचीत आणि तो र बदलीत जाई: पायऱ्या, वाऱ्याने, शेतकऱ्यांची पोरे. ‘सूर्य’ आला की त्या हात वर करून म्हणत, “थांब, तो तसाच राहू दे.”