वॉटर पार्कमध्ये वीज कडाडली तर?

मे महिन्यात पेडगावहून मुलांना घेऊन वॉटर पार्कला गेलो होतो. दुपारी आभाळ भरून आलं, गडगडाट सुरू झाला आणि शिट्ट्या वाजवून सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. धाकटी रडू लागली, मोठे तिकिटाच्या पैशांवरून कुरकुरले. मला मात्र हायसं वाटलं. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे पाऊस नसला तरी वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. झाडाखाली किंवा उघड्या शेडमध्ये थांबू नका. पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली कार गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिथेच थांबा.

आणि कुणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास थांबला असेल तर 108 ला फोन करा आणि लगेच छाती दाबायला लागा, मिनिटाला 100 ते 120 वेळा.