दाराच्या मापाचे तोरण

वसई-नायगाव पट्ट्यात आता भेटवस्तूंच्या दुकानात फोटो दिला की थोड्या वेळात मगावर, उशीवर नाहीतर किल्लीच्या साखळीवर नाव आणि चेहरा छापून मिळतो. याला ‘कस्टमाइज्ड गिफ्ट’ म्हणतात आणि ते खपतेही भरपूर. उमेळ्यात राहून मी तोरणे, दुपटी, कागदी कंदील, हलव्याचे दागिने असल्या वस्तू ओळखीच्या माणसांसाठी करत आले आहे. या करण्यातून माझे एक मत पक्के होत गेले ते असे की, नाव घातल्याने वस्तू कोणाची होत नाही, मापाने होते. नाव छापलेल्या मगातून घरातल्या दुसऱ्या कोणी चहा प्यायला तरी चहात काही फरक पडत नाही. एका घराच्या चौकटीवर बेतून केलेले तोरण मात्र शेजारच्या दाराला लावून बघा, एकतर कडेला लोंबते, नाहीतर मध्येच संपते. दुसऱ्या कोणाला देता येणार नाही अशी वस्तू करता आली तरच ती हाताने करण्याला अर्थ आहे असे मी मानते. देता येत असेल तर दुकान काय वाईट?

तोरण वरवर अगदी सोपे दिसते. उमेळ्यात जुन्या बैठ्या घरांची दारे बुटकी असतात, तिथे लटकन चार बोटांहून लांब झाले की येणाऱ्याच्या कपाळाला लागते. इमारतीतल्या फ्लॅटला मुख्य दाराबाहेर जाळीचा सेफ्टी दरवाजा असतो, तो बाहेर उघडतो आणि तोरणाच्या घुंगरात अडकतो. अशा ठिकाणी तोरण आतल्या चौकटीला लावायचे म्हणजे ते किती जाड चालेल हेही पाहावे लागते. दारावर क्रूस असलेल्या घरी गणपतीचे पदक शिवलेले तोरण देऊन उपयोग नाही, नुसत्या फुलापानांचे आवडीने लावतात. वर आमच्याकडची हवा. जवळ खाडी, मिठागरे, पावसाळ्यात भिंतींना सुटणारी ओल. पुठ्ठ्यावर चिकटवलेली कलाकुसर इथे एका पावसात मऊ पडते, सुती दोऱ्यावर काळे ठिपके धरतात, लोखंडी तारेचा गंज मण्यांवर उतरतो. म्हणून मणी नायलॉनच्या दोऱ्यात ओवायचे, तार घ्यायचीच तर पितळी घ्यायची, आणि पुठ्ठ्याच्या जागी जाड कापड दुहेरी शिवायचे. यातले काहीही त्या घरी गेल्याशिवाय कळत नाही. फीत घेऊन दार मोजणे हे दोन मिनिटांचे काम, पण त्या निमित्ताने त्या घरात कोण उंच आहे, घुंगरांच्या आवाजाने कोणाची झोप मोडते, तोरणातली लोकर झटकायला कोणाला वेळ आहे, हे सगळे दिसते. माझ्या दृष्टीने भेट इथे घडते. नंतरचे ओवणे-शिवणे ही तिची मजुरी.

हे काही मी शोधून काढलेले तत्त्व नव्हे, आपल्याकडच्या जुन्या घरगुती वस्तू याच नियमाने चालत आल्या आहेत. बाळाच्या पहिल्या संक्रांतीला, बोरन्हाणाच्या वेळी, हलव्याचे दागिने घालतात. साखरेचा पाक थेंबाथेंबाने तिळावर किंवा खसखशीवर सोडत, मंद आचेवर हाताने हलवत राहायचे, तेव्हा कुठे दाण्याला काटा येतो. हवा दमट असली की दाणे चिकटतात आणि काटा बसतो, त्यामुळे आमच्या किनाऱ्यावर या कामाला देशावरच्यापेक्षा जास्त चिकाटी लागते. इतके करून तो वाळा त्या बाळाच्या मनगटापुरताच असतो. पुढच्या वर्षी त्याच बाळाला तो होत नाही. दाणे टोचू नयेत म्हणून आतून मऊ कापडाचे अस्तर लावायचे तेही त्या कातडीचा विचार करून. दुपट्याला आणि गोधडीला आजीची वापरून मऊ झालेली साडी लागते, कोऱ्या कापडाचे दुपटे बाळाला खरखरीत लागते. म्हणजे इथे मापच नव्हे, कच्चा मालसुद्धा त्या घरातलाच. धावदोऱ्याने थरावर थर बसवत गेले की कोणत्या साडीचा काठ कुठे आला हे त्या घरातले लोक बोट ठेवून सांगतात. बाहेरच्या माणसाला ती केवळ ठिगळांची गोधडी. बाहेरच्याने तसे म्हणायलाही हरकत नाही, ती त्याच्यासाठी नव्हतीच.

याहून मोठा दाखला आमच्याच पालघर जिल्ह्यात आहे. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. गेरू-शेणाने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची ठेचलेली काडी. मध्ये पालघट देवी, बाजूला नवरा-नवरी. तो चौक त्या घरातल्या त्या लग्नाचा असतो आणि त्याच्याशिवाय लग्नविधी पुरा होत नाही. भिंत पुन्हा सारवली की तो जातो. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्यांना जगभर नेले, २०११ साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली. कागदावर आल्याने कला बिघडली अशी हळहळ मला वाटत नाही. म्हसे यांनी कागदावर जे केले ते एका चित्रकाराचे स्वतःचे काम होते, आणि त्यातून पुढच्या कित्येक कुटुंबांना पोटापाण्याचे साधन मिळाले. माझी तक्रार तिसऱ्याच गोष्टीबद्दल आहे. वारली चित्रांतले तारपा नाचाचे तेच वर्तुळ यंत्राने कोस्टरवर छापून वर ‘हस्तकला’ अशी चिठ्ठी लावलेली असते. ते ना कोणाच्या लग्नाचे, ना कोणा चित्रकाराचे. चौक एका लग्नाचा आहे आणि कागदावरचे चित्र एका कलावंताचे. कोस्टर कोणाचा, या प्रश्नाला उत्तर नाही.

हाताने केलेले सगळेच वैयक्तिक असते असे मात्र माझे म्हणणे नाही. नायगाव पूर्वेचे जूचंद्र गाव रांगोळीसाठी ओळखले जाते. तिथल्या कलाकारांनी काढलेली माणसांची हुबेहूब चित्रे बघायला दिवाळीत लांबून लोक येतात. ती रांगोळी सगळ्यांनी बघण्यासाठी असते आणि तिची कसोटी कौशल्य हीच आहे. तिथे माझ्यासारखीने गप्प बसावे. नाताळात वसईभर येशूजन्माच्या देखाव्याचे जे गोठे उभे राहतात तेही वाडीचे, गावाचे असतात, त्यांत कोणाच्या दाराचे माप घ्यायचे नसते. पण त्याच दिवसांत घराघरांवर लागणारा ताऱ्याचा कंदील पुन्हा मापाकडे येतो. दहा सारख्या कामट्या घेऊन पाच-पाचांचे दोन तारे बांधायचे, टोके टोकांना जोडायची, आतल्या पाच सांध्यांत आखूड काड्या अडकवून पोट फुगवायचे. एक कामटी जरी बोटभर लांब झाली तरी तारा तिरका होतो आणि खळीने लावलेला पतंगी कागद सुरकुततो. जुन्या घराच्या अंगणातल्या झाडावर हातभर लांबीच्या कामटीचा तारा शोभतो. फ्लॅटच्या गॅलरीत ग्रिल आणि कपड्यांची दोरी यांच्यामध्ये त्याच्या निम्मा लागतो, नाहीतर वाऱ्याने रात्रभर ग्रिलवर आपटत राहतो. हे सांगावे लागू नये, पण दुकानातले तारे ठरावीक दोन-तीन मापांत येतात आणि लोक आपली गॅलरी त्यांना जुळवून घेतात.

हाताने करून देण्यावर पहिला आक्षेप संशोधकांनीच घेतला आहे आणि तो भक्कम आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरिएली यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना कागदाचे ओरिगामी करायला लावले. करणाऱ्यांना आपल्या वेड्यावाकड्या कागदी आकृत्या तज्ज्ञांनी केलेल्या आकृत्यांच्या जवळपास मोलाच्या वाटल्या. तिऱ्हाइतांनी मात्र त्यांना फारशी किंमत दिली नाही. हाताने केलेल्या भेटीची गोम हीच आहे. देणारा आपल्या घामावर भाळलेला असतो, घेणारा ती कुठे ठेवायची या विवंचनेत. फ्रान्चेस्का जिनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांनी २०११ साली दाखवले की, मागून घेतलेली भेट घेणाऱ्याला जास्त आवडते, तर न मागता आपल्या कल्पनेने दिलेली तितकीच आवडेल असा देणाऱ्याचा गैरसमज असतो. वसई-विरारच्या लहान फ्लॅटमध्ये तर ही अडचण आणखी बोचरी होते. बाटलीवर रंगवलेली फुले, सीडीचे आरसे, आइस्क्रीमच्या काड्यांचे झुले, असले ‘टाकाऊतून टिकाऊ’ किती घरांच्या माळ्यांवर पडून आहे! मी हा आक्षेप खोडत नाही, उलट तो माझ्या बाजूचा साक्षीदार मानते. माप घ्यायला गेले की विचारावेच लागते. ‘इथे काय लावू? लावू की नको?’ असे विचारल्यावर मजा जाते असे अनेकांना वाटते, त्यांना भेटीपेक्षा चकित करणे प्रिय असते. विचारल्यावर कधी कळते की, तोरण नकोच आहे, आजोबांच्या खुर्चीला बसायची गादी हवी आहे. ती शोभेची नसते आणि फोटोतही चांगली येत नाही. पण रोज वापरली जाते.

दुसरा आक्षेप याहून टोचणारा आहे. या सगळ्या हातकामाचा भार बायकांवर पडत आला, त्याचे गोडवे कशाला गायचे? हे खरे आहे. रुखवत हे त्याचे ठळक उदाहरण. मुलीने आणि तिच्या घरच्या बायकांनी महिनोन्‌महिने खपून काचेच्या मण्यांचे मोर, क्रोशाचे रुमाल, धान्याची चित्रे, आगपेटीच्या काड्यांची देवळे करायची, आणि लग्नाच्या दिवशी टेबलावर मांडून वरपक्षाच्या बायकांनी ती पारखायची. मुलगी कामसू आहे याचा तो पुरावा होता. मला विचाराल तर रुखवत गेले याचे दुःख नको. आता ते तयार विकत मिळते, भाड्यानेही मिळते, आणि भाड्याने मिळू लागले यातच त्याची खरी जात दिसते. ते नव्या घराच्या कोणत्याच भिंतीच्या, कोणत्याच माणसाच्या मापाचे नव्हते, टेबलाच्या मापाचे होते. म्हणून ते एका मांडवातून दुसऱ्या मांडवात बिनदिक्कत जाते. थर्माकोलची देवळे आणि महालही असेच सर्वत्र फिरायचे. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा त्यांची जागा फोमने आणि प्लायने घेतली, कल्पना तीच राहिली. बायकांच्या श्रमाचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. कंदिलाच्या कामट्या मुलांनी तासायच्या आणि दुपट्याचे टाके मुलींनी घालायचे, ही वाटणी अजून बहुतेक घरांत तशीच आहे. कंदील वर्षातून एकदा आणि हौसेने होतो, टाके मात्र बारा महिने चालतात. माझे उत्तर अर्धेच आहे. ज्याला भेट द्यायची हौस, त्याने माप घ्यावे आणि त्यानेच करावे. घरातल्या दुसऱ्या कोणाकडून करवून घेतलेली भेट ही त्या दुसरीची असते, मग पाकिटावर नाव कोणाचेही असो.

हे स्वस्त पडते असाही एक समज आहे, तो लवकर काढून टाकलेला बरा. मणी, लेस, टिकल्या, जरीचा दोरा चांगला आणि वाजवी हवा तर लोकलने चर्नी रोडला उतरून भुलेश्वर गाठावे लागते. एका तोरणासाठी पाकीट फोडून उरलेले मणी डब्यात साठत जातात, कारण पुढचे दार वेगळ्या रंगाचे निघते. वेळेचा हिशोब धरला तर दुकानातले तोरण कितीतरी स्वस्त. काटकसर करायची असेल तर दुकानात जावे, मी कोणालाही हेच सांगते. मग याचा घरगुती धंदा का करत नाही, असे पुढचे विचारणे असते. करणाऱ्या पुष्कळ आहेत, बचत गटांच्या प्रदर्शनांत त्यांची सुरेख कामे दिसतात आणि त्यांनी चांगला दाम घ्यावा. पण विकायला बसले की ठरावीक मापे ठरवावी लागतात, तीन फुटी तोरण, साडेतीन फुटी तोरण. त्याशिवाय परवडत नाही. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते दुसरे काम आहे.

क्रिस्टोफ फुक्स, मार्टिन श्रायर आणि स्टाइन व्हॅन ओसेलार यांच्या २०१५ सालच्या अभ्यासात असे दिसले की, भेट जवळच्या माणसासाठी घ्यायची असेल तेव्हा लोकांचा ओढा हाताने केलेल्या वस्तूकडे जास्त असतो, लांबच्या ओळखीसाठी तो उतरतो. ग्राहकांची ही अक्कल मला मान्य आहे, मी ती करण्यालाही लावते. सोसायटीतल्या प्रत्येकाला एकसारखी रंगवलेली पणती देणे मी बंद केले आहे, त्यापेक्षा कुंभाराच्या साध्या पणत्या आणि एक पुडा वाती बऱ्या. आणि ज्यांचे घर मी आतून पाहिलेले नाही त्यांच्या लग्नाला मी सरळ पाकीट नेते, नोटेबरोबर एक रुपयाचे नाणे घालून. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापलेले असेल तर तेही नेत नाही.