आत्याची गाडी मागे जात नसे

राजेंद्र नगरातल्या जुन्या मंडळींना साइडकारवाल्या स्कूटरी आठवत असतीलच. आमच्याकडे चेतक होती, डाव्या अंगाला पत्र्याची साइडकार. बाबा चालवायचे, मी पुढे उभा, आई मागे आणि साइडकारमध्ये आत्या. तिच्या मांडीवर माझी धाकटी बहीण, पायाशी कुबड्या. आत्याला 1952 साली पोलिओ झाला. तेव्हा त्याची लस जगातच कुठे आलेली नव्हती.

साइडकारची गाडी चालवणं ही वेगळीच विद्या. दोन चाकांची गाडी वळणावर झुकते, ही झुकत नाही, हँडल नेटाने ओढून वळवावी लागते. वेग वाढवला की डावीकडे ओढते, ब्रेक दाबला की उजवीकडे. डावीकडे जोरात वळलं तर साइडकारचं चाक उचलतं. म्हणून ती रिकामी असली की बाबा तीत विटा ठेवायचे. सकाळी चेतक सुरू झाली नाही तर शेजारचे लोक ती कलती करून पुन्हा किक मारत. आमची कलणार कशी? बाबा प्लग काढून घासत बसायचे आणि आत्या साइडकारमध्ये डबा घेऊन तयार.

तिची नोकरी राजवाड्याजवळच्या एका कार्यालयात. सकाळी बाबांनी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. अशी अकरा वर्षं. बाबांनी एक दिवस तक्रार केली नाही आणि खरं सांगायचं तर अडचण तीच होती. कुरकुरणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. ऑफिसात कुणाचा निरोप समारंभ असला तरी साडेपाचला खाली भाऊ उभा, म्हणून आत्या अर्ध्यातून उठायची. मैत्रिणी सराफ्यात जायच्या, ही घरी.

1984 मध्ये कायनेटिक होंडा आली. ती बनायची आपल्या जवळच, पिथमपूरला. आपल्या भागातली कितीतरी माणसं तिकडच्या कारखान्यांत कामाला जायची, त्यामुळे या गाडीचं कौतुक घरच्यासारखं. गिअर नाही, किक मारायला नको, बटण दाबलं की सुरू. लोकांनी ठरवून टाकलं की ही बायकांची आणि कॉलेजातल्या पोरांची गाडी. आत्याने तिच्यात दुसरंच पाहिलं. ती चालवायला पाय लागत नव्हते.

1988 मध्ये तिने स्वतःच्या पैशांनी गाडी घेतली आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी अँगलवर दोन जास्तीची चाकं बसवून घेतली. (सगळे हिला तीनचाकी म्हणत. मोजली तर चाकं चार भरतात, पण मोजतो कोण.) बाबा तिच्याशी महिनाभर धड बोलले नाहीत. आजी म्हणाली, "लोक काय म्हणतील, भावाला बहीण जड झाली?" आत्या म्हणाली, "आई, मला भाऊ जड झालाय असं सांग." घरात कुणी हसलं नाही. मला मात्र अजून हसू येतं.

लायसन्सवर गाडीचा प्रकार होता 'इनव्हॅलिड कॅरेज', कायद्यातलाच शब्द. आत्या तो वाचून म्हणायची, "गाडी व्हॅलिड, पेट्रोल व्हॅलिड, मग इनव्हॅलिड कोण?" 2019 च्या दुरुस्तीत कायद्याने तो शब्द काढला आणि 'अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल' केला. मी तिला बातमी वाचून दाखवली. "एकतीस वर्षं लागली होय," म्हणाली आणि परत शब्दकोड्यात डोकं घातलं.

बघणाऱ्याला वाटतं, जास्त चाकं म्हणजे निवांत काम. तसं नाही. दोन चाकांवरचा माणूस खड्डा चुकवतो. हिच्या चाकांच्या तीन ओळी, एक चुकली की दुसरी सापडते. खोलगट जागी बाजूची चाकं टेकतात, मधलं चाक अधांतरी राहून नुसतं गरगर फिरतं. वळणावर गाडी कलत नाही, म्हणून आपणच अंग आत झुकवायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ही गाडी मागे जात नाही. तुम्ही आम्ही उतरून गाडी ओढतो. आत्याने काय करायचं? "भैया, जरा पीछे कर दो" हे वाक्य तिला जन्मभर नको होतं. म्हणून कुठेही गेली की आधी बाहेर पडायची वाट बघायची. तोंड रस्त्याकडे करूनच गाडी लावायची. ज्या गल्लीत वळवता येणार नाही त्या गल्लीत लग्न असलं तरी नाक्यावर गाडी ठेवून कुबड्यांवर चालत जायची. गाडी दारापर्यंत नेता येत असताना हा हट्ट का, असं आई विचारायची. मला वाटतं, गाडी घेतली होती तीच कुणाला हाक मारावी लागू नये म्हणून.

पहिल्या थंडीत एके रात्री साडेदहा वाजून गेले तरी ती आली नाही. तेव्हा मोबाइल कुठले? बाबा फाटकाशी येरझाऱ्या घालत होते. अकराला गाडीचा आवाज आला. आत्या हँडलला पुडा अडकवून आली होती, त्यात सराफ्यातले गराडू. "गरम होते, आता गार झाले असतील," एवढंच म्हणाली. बाबांनी एक शब्द न बोलता खाल्ले. मसाला जास्त आहे म्हणाले.

त्याच महिन्यात बाबांनी साइडकार सोडवली. इतकी वर्षं न झुकणारी गाडी चालवलेला माणूस. नुसत्या दोन चाकांवर ते पहिले काही दिवस वळणावर हँडल ओढायचे आणि डगमगायचे. रात्री अंधार पडल्यावर ते गल्लीत सराव करायचे, कुणी बघू नये म्हणून. आत्या गच्चीवरून बघायची. खाली येऊन कधी बोलली नाही.

पुढे बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा पट्टी बदलायला आत्याच त्यांना मागे बसवून न्यायची. बाबा मागून सारखे सांगायचे, "डावीकडे घे, ट्रक आहे, हॉर्न दे." महू नाक्यावर तिने एकदा गाडी बाजूला घेतली आणि म्हणाली, "दादा, साइडकारमध्ये अकरा वर्षं मी गप्प बसले होते." बाबा दवाखान्यापर्यंत गप्प.

आता आत्या पंचाहत्तरीच्या आसपास आहे. मध्यंतरी भाचा रिव्हर्स गिअरवाली नवी बॅटरीची गाडी दाखवायला घेऊन आला. तिने अंगणात ती चार वेळा मागे घेतली, चार वेळा पुढे. मग म्हणाली, "छान आहे रे. पण तोंड रस्त्याकडेच करून ठेव."