आडव्या आठाची पारख

गोटमारीचे छायाचित्र घेणाऱ्याला लेन्सच्या कड्यावरील आडव्या आठावर, म्हणजे अनंताच्या खुणेवर, फार भिस्त ठेवावी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधील जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. त्यात माणसे जायबंदी होतात; काहींनी प्राणही गमावले आहेत. म्हणून छायाचित्रकार दूरच्या गच्चीवर उभा राहतो, फोकस आधीच अनंतावर लावून ठेवतो आणि नजर दगडांवर ठेवतो. खूण खोटी निघाली, तर ते दृश्य पुन्हा वर्षभर मिळत नाही.

२०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा होऊन आमचे सौंसर त्यात आले. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात माझा भाचा सौंसरला आला, तो वडिलांची जुनी २८ मिलिमीटरची लेन्स घेऊन. निकॉनच्या फिल्म कॅमेऱ्याची ती लेन्स त्याने जोडकड्याच्या साहाय्याने सोनीच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसवली होती. “मामा, कडे शेवटपर्यंत फिरवले की अनंत आलाच; त्यात तपासायचे काय?” असे त्याने विचारले. प्रश्न स्वाभाविक होता. वाइड-अँगल लेन्समधून पाहताना सारेच स्पष्ट भासते.

हिशेब मात्र निराळा आहे. निकॉनच्या एफ पद्धतीत लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर असते, सोनीच्या ई पद्धतीत १८. तेव्हा जोडकडे २८.५ मिलिमीटर जाडीचे हवे. ते मिलिमीटरच्या दहाव्या भागानेच जाड असले, तरी या लेन्सचा अनंत जेमतेम आठ मीटरवर येऊन थांबतो. तेवढाच फरक १०० मिलिमीटरच्या लेन्सला शंभर मीटरपर्यंत पोचू देतो. कडे पातळ असले, तर लेन्स अनंताच्याही पलीकडे जाते आणि दूरचे डोंगर खुणेच्या अलीकडेच स्पष्ट होतात. लख्ख उन्हात छिद्र एफ/८ वर आवळले की हा दोष झाकला जातो. पोळ्याच्या सुमारास मात्र आभाळ भरलेले असते, उडता दगड टिपण्यासाठी शटर वेगवान लागते, छिद्र पूर्ण उघडावे लागते. आणि नेमका तेव्हाच तो दोष उघडा पडतो.

दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, म्हणून आम्ही रात्र निवडली. कॅमेरा तिवईवर चढवला, छिद्र पूर्ण उघडले आणि पडद्यावरील प्रतिमा मोठी करून एक ठळक तारा मध्यभागी घेतला. कडे जवळच्या आकड्यांकडून अनंताकडे सावकाश फिरवले, की तारा आकसत ठिपका होतो आणि त्यापुढे पुन्हा फुगू लागतो. कडे शेवटास टेकेपर्यंत तो आकसतच राहिला, तर लेन्स अनंतापर्यंत पोचलीच नाही असे समजावे. आमचा तारा खुणेच्या बराच आधी ठिपका झाला आणि मग फुगला. तीनदा पाहिले, जागा तीच.

कड्यावरचे तीन बारीक स्क्रू सैल करून खूण सरकवावी, असे भाच्याने सुचवले. मी त्याला थांबवले. दोष कोणाचा हे आधी ठरायला हवे होते. सकाळी तीच लेन्स त्याच्या वडिलांच्या कॅमेऱ्यावर लावली, मागचे झाकण उघडून शटर उघडे ठेवले आणि फिल्मच्या जागी धूसर चिकटपट्टी ताणून बसवली. तिच्यावर उमटलेली सातपुड्याची कड छोट्या भिंगाने पाहिली. अनंताच्या खुणेवर ती रेखीव होती. लेन्स खरी होती. जोडकडे पातळ होते.

मग जोडकड्याचे स्क्रू काढून त्याच्या दोन भागांमध्ये पातळ पितळी पत्र्याचे कडे घातले. पुढच्या दोन रात्री कमीजास्त करून पाहिल्यावर तारा अगदी खुणेवर ठिपका होऊ लागला. पत्रा सर्वत्र सारख्या जाडीचा असावा, नाहीतर लेन्स कलंडते आणि चित्राची एकच बाजू धूसर येते. ज्या लेन्समध्ये जवळच्या फोकससाठी आतील भिंगांमधले अंतर बदलते, तिच्याबाबत ही जाडी अधिकच काटेकोर हवी.

खूण सरकवली असती, तर नव्या कॅमेऱ्याचे काम भागले असते आणि वडिलांच्या कॅमेऱ्यावर तीच लेन्स कायमची खोटी ठरली असती. आज ती दोन्ही कॅमेऱ्यांवर खरी आहे.