वीस सात की सत्तावीस?

मराठीत शंभरपर्यंत आकडे शिकणं किती कठीण आहे, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. लहानपणी घोकून घेतलेलं असतं, त्यामुळे ते आपोआप आलं असंच वाटत राहतं. माझ्या घरी तेरा वर्षांची मुलगी आहे आणि तिला डिस्कॅल्क्युलिया आहे, म्हणून गेली काही वर्षं मी या आकड्यांकडे जरा निरखून बघतोय.

डिस्कॅल्क्युलिया म्हणजे संख्येची जाण कच्ची असणं. लादिस्लाव कोश्च नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली यावर सविस्तर लिहिलं आणि हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियाबरोबर याचंही नाव आहे. डिस्लेक्सिया एका सिनेमामुळे घरोघरी पोचला, याला अजून असा सिनेमा मिळालेला नाही. त्यामुळे "गणित काय, आम्हालाही यायचं नाही हो!" असं लोक हसून सांगतात. तसं नसतं ते. ताटलीत चार बिया टाकल्या तर तुम्ही-आम्ही त्या मोजत नाही, चार दिसतात. माझ्या मुलीला त्या एक-एक करून मोजाव्या लागतात. सात मोठे की आठ, हे ठरवायला ती एकपासून सुरुवात करते. वाचन मात्र भरपूर, मराठी-इंग्रजी दोन्ही, आणि बोलण्यात तर ती मला ऐकत नाही.

चौथीनंतर तिला शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरवलं. कारणं अनेक होती. वर्गात उभं करून पाढे म्हणायला लावत, हे त्यातलं एक. सकाळचं भाषा, विज्ञान वगैरे सौ.कडे, संध्याकाळचं गणित माझ्याकडे. मी कला शाखेचा पदवीधर आणि दिवसभर कचेरीत पगारबिलांचे आकडे जुळवणारा कारकून. त्यामुळे शिकवणं शास्त्रशुद्ध वगैरे नाही, पण चिकाटी आहे.

तर आकडे. 'सत्तावीस' उच्चारताना आधी सात येतो, मग वीस. लिहिताना आधी २ आणि मग ७. कान एका दिशेने, हात उलट्या दिशेने. जर्मन भाषेतही असंच उलटं आहे म्हणे, पण तिथे 'सात आणि वीस' असे तुकडे तरी स्वच्छ ऐकू येतात. आपल्याकडे 'बावन्न'मधून दोन आणि पन्नास वेगळे काढून दाखवा बघू! 'त्रेचाळीस'मध्ये तीन कुठे आहे? त्यात आणखी आपली ती एकोण मंडळी. एकोणपन्नास म्हटलं की मुलीच्या कानावर पन्नास पडतं आणि ती ५९ लिहिते. तिच्या बाजूने विचार केला तर बरोबरच आहे, पन्नास ऐकलं म्हणून ५ आणि 'एकोण' म्हणजे शेवटी ९ असतो हे तिला पाठ आहे. ही रीत एकोणनव्वदपर्यंत नेटाने चालते आणि ९९ ला एकदम नव्व्याण्णव! नियम सापडला म्हणून खूश झालेल्या पोरीचा तिथे जो चेहरा झाला होता...

उलट बेळगावच्या वाटेवर कानडी ऐका. इप्पत्तेळु, म्हणजे सरळ वीस-सात. वीसच्या पुढे सगळे एका रांगेत उभे. कोकणीत जाऊन सुटावं म्हटलं तर तिथेही सत्तावीसच.

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' ही पद्धत आणली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. मराठीचा खून वगैरे म्हणून झालं, विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोट्या झाल्या. मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या. जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही शेजारी दिले आहेत, जोडाक्षरांचे शब्द मुलांना जड जातात, हे त्या शांतपणे सांगत राहिल्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. गोव्यात बसून तो वाद वाचताना मी मनाने विरोधकांच्या जवळ होतो, हे सांगायला हवं. इथे मराठी टिकवणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच माहीत. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ होतं. साडेतीनला 'औट' म्हणणारी भाषा मला अजूनही श्रीमंत वाटते.

पण संध्याकाळी सहा वाजता समोर बसलेल्या मुलीला श्रीमंती दाखवून काय करू? तिला जिना हवा होता. मग आम्ही माडाचे हीर घेतले (आमच्याकडे वीर म्हणतात), दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. दोन जुड्या आणि सात सुटे. तोंडाने 'वीस सात', वहीत २७. असं साधारण आठ महिने चाललं. त्यानंतर ५२ चे २५ होणं जवळजवळ थांबलं. सत्तावीस हा शब्द आम्ही वीस सातचं टोपणनाव म्हणून नंतर शिकलो, रोज एकच. शंभरपर्यंतची ही टोपणनावं व्हायला वर्ष गेलं.

काजूच्या बियांचाही उपयोग झाला, त्या पाच-पाचच्या ठराविक आकारात मांडल्या की तिला मोजावं लागत नाही. बाजारात बांगडे वाट्याने मिळतात, तेही बरं पडतं. एका वाट्यात किती, दोन वाट्यांत किती. पैशांचं मात्र अवघड झालंय, सगळीकडे मोबाईलने पैसे द्यायचे, सुटे परत घ्यायचा सरावच नाही. म्हणून मी मुद्दाम खिशात नाणी ठेवतो.

एक गोष्ट मात्र जमली नाही. ती देवळात भजनाला झांज धरते. झपतालाच्या दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन, कधी चुकत नाही. रूपकाच्या सातही नाहीत. लयीच्या अचाट हिशेबासाठी ज्यांचं नाव अजून घेतात त्या खाप्रूमामा पर्वतकरांच्या गोव्यात राहून मला वाटलं, इथून वाट निघेल. नाही निघाली. तालातले सात तिच्या अंगात आहेत, वहीतले सात परके. "बाबा, तें मेजूंक पडना," म्हणाली. मोजावं लागत नाही म्हणूनच येतं. मीही तो नाद सोडला, झांज झांजेपुरती राहू दिली.

आता प्रश्न दहावीचा. मुक्त विद्यालयाची परीक्षा चौदाव्या वर्षापासून देता येते आणि तिथे गणित सक्तीचं नाही, चित्रकला, गृहविज्ञान असे विषय घेऊन पाच पुरे करता येतात. सौ.चं म्हणणं, गणित घ्यायचंच, पुढे दारं बंद नकोत. माझं म्हणणं, परीक्षेतून गणित काढावं आणि घरात चालू ठेवावं. परीक्षेचं गणित तीन तासांत मागतात, आमच्या गणिताला आठ महिने लागतात. मुलीला विचारलं तर म्हणाली, आधी घड्याळ नीट येऊ दे, मग सांगते.

फॉर्म भरायला अजून अवधी आहे. सध्या पावणेआठ म्हणजे सातच्या घरात की आठच्या, यावर रोज वाद चालू आहे. हिरांच्या जुन्या जुड्या सुटल्या आहेत, या रविवारी नवे सोलायला हवेत.