शंकराचा निळा कंठ

निफाड तालुक्यांत, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वराचा बंधारा आहे. बंधाऱ्यामागें वर्षानुवर्षें गाळ सांचत गेला, त्यावर पाणकणीस व लव्हाळे माजले, आणि विस्तीर्ण पाणथळ तयार झाली. २०२० च्या जानेवारींत महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून तिचेंच नांव जाहीर झालें. प्रेक्षक तेथें बहुधा बदकें व रोहित पाहावयास जातात. आम्ही गेल्या मार्चांत गेलों तें चिमणीएवढ्या एका पाहुण्यासाठीं. त्याचें नांव शंकर.

उत्तरेकडे दसऱ्याला ज्याचें दर्शन शुभ मानितात, त्या नीलकंठाचा कंठ वस्तुतः निळा नसतो! या नांवाचा खरा मानकरी आमचा शंकरच. अंग मातकट, भुंवई पांढुरकी. परंतु नर समोर वळला कीं गळ्यावर निळा पट्टा आणि मधोमध तांबूस टिळा. हिंवाळ्याच्या आरंभीं हा रंग पिसांच्या फिकट कडांखालीं झांकलेला असतो. मार्चपर्यंत तो उजळतो, आणि लगेच पक्षी लडाखकडे किंवा थेट सायबेरियाकडे निघतो. चित्रकारास मिळणारे दिवस थोडे, ते असे.

शिवाय हा निळेपणा रंगद्रव्याचा नव्हे. पिसांच्या सूक्ष्म घडणीवर प्रकाश पडून तो उमटतो. सांवलींत तोच कंठ काळवंडतो. म्हणून सूर्य पाठीशीं घेऊन, चिखलाशेजारीं पोटावर पडून, भिंग पक्ष्याच्या उंचीला आणावें लागतें. हल्लींचे क्यामेरे सेकंदास दहा-वीस चित्रें घेतात खरे, पण पक्षी वेतांआडून बाहेरच आला नाहीं तर त्यांचा काय उपयोग?

तासभर तो आला नाहीं. बरोबरच्या पुतण्यानें हळूच विचारलें, “काका, मोबाइलवर त्याची शीळ लावूं का? लगेच येईल.”

येईल, यांत शंका नव्हती. परंतु प्रतिस्पर्धी आला असें समजून तो किडे टिपणें सोडून धांवणार. आणि पुढच्या प्रवासाची शिदोरी त्याला याच दिवसांत अंगावर बांधावयाची असते. आम्ही “नको” म्हटलें. चिरंजीव किंचित् रुसले.

ऊन थोडें चढल्यावर लव्हाळ्याच्या कडेला शेपटी उडाली. तिच्या मुळाशीं दोहों बाजूंचा तांबूस रंग चमकला. शंकर चार पावलें धांवला, थबकला, वळला. तीन चित्रें मिळालीं. त्यांतील बऱ्यापैकीं एकांत पाणकणसाचें पातें छातीवर आडवें आलें आहे. संगणकावर तें पुसून टाकण्याची सूचना पुतण्यानें केली. आम्ही तें तसेंच ठेविलें आहे.